आधी वॉर्ड, मग वर्ग



बारावीचा निकाल लागला की वसईच्या एव्हरशाईन सिटीत, वसंत नगरीत, आचोळे रोडच्या दोन्ही अंगांच्या सोसायट्यांमध्ये नर्सिंगची चौकशी सुरू होते. बहुतेक घरांत ती तीन प्रश्नांपाशी थांबते. कॉलेज किती लांब आहे, फी किती आहे आणि एवढ्या टक्क्यांवर नंबर लागेल का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. घराचा हप्ता चालू असताना आईबापांनी फी विचारू नये, असे कोण म्हणेल? पण या तिन्हींच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तोच सहसा राहून जातो. मुलगी ज्यांच्या उशापायथ्याशी उभी राहून शिकणार ते रुग्ण कुठे आहेत आणि पुरेसे आहेत का? नर्सिंगचा प्रवेश हा आधी रुग्णालयातला प्रवेश असतो, कॉलेजातला नंतर. म्हणून कॉलेजची पारख त्याच्या रुग्णालयावरून करावी आणि प्रवेशाच्या अटींकडेही त्याच दृष्टीने पाहावे, हे मला आज मांडायचे आहे.

यात नवे काही नाही, हे आपल्याच इतिहासात दिसते. या देशात परिचारिकांचे शिक्षण रुग्णालयांत सुरू झाले आणि त्याची सुरुवातीची काही पाने मुंबई-पुण्यातली आहेत. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणासाठी पुढे आल्या आणि पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव नर्सिंगच्या इतिहासात नोंदले गेले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ नंतरच्या काळात मुलींना आणि विधवांना नर्सिंग शिकायला पाठवले ते ससून रुग्णालयात. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, सोवळेओवळे गुंडाळून ठेवायचे, हे त्या काळच्या घरांना पचणारे नव्हते. तरी सेवासदनाने सोय म्हणून वाड्यात वर्ग काढून भागवले नाही, मुलींना वॉर्डातच नेले. पदवी फार उशिरा आली. दिल्ली आणि वेल्लोर इथे १९४६ मध्ये, तर मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालयाच्या रूपाने १९६४ मध्ये. आधी रुग्णालय, त्याला लागून शाळा, आणि शाळेचे पुढे महाविद्यालय असा तो क्रम होता. अलीकडे तो बऱ्याच ठिकाणी उलटा झाला आहे. आधी ट्रस्ट, मग इमारत, मग स्किल लॅबमधले पुतळे आणि सगळ्यांत शेवटी रुग्णालयाचा शोध. क्रम उलटल्याने काय बिघडते, ते साध्या गणितानेही कळते.

भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांनुसार बीएस्सी नर्सिंगच्या महाविद्यालयाला स्वतःचे निदान १०० खाटांचे रुग्णालय लागते, त्यातल्या निदान ७५ टक्के खाटा भरलेल्या असाव्या लागतात आणि वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण राखावे लागते. आता हिशेब मांडू. दरवर्षी ६० जागा, चार वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे एका वेळी २४० विद्यार्थी. निम्मे वर्गात आहेत असे धरले तरी १२० जण पोस्टिंगवर. त्यातले ३० जण गावपातळीच्या कामासाठी आरोग्य केंद्रात गेले असे समजा, तरी ९० जण रुग्णालयात उरतात आणि त्यांना हवे २७० रुग्ण. कॉलेजच्या स्वतःच्या १०० खाटांत, पाऊणशे भरलेल्या असल्या तरी, २५ जणांचीच सोय होते. उरलेल्या ६५ जणांची? पाळ्या पाडून थोडे भागेल, बाकीचे सगळे इतरांच्या रुग्णालयांत जाणार. म्हणजे निकष पाळणाऱ्या प्रामाणिक महाविद्यालयाचेसुद्धा निम्म्याहून अधिक शिक्षण दुसऱ्याच्या वॉर्डात होते. माहितीपत्रकावर मात्र फोटो असतो तो कॉलेजच्या इमारतीचा. आणि स्वतःच्या रुग्णालयात खाटा शंभर पण रुग्ण चाळीसच असतील, तर तिथे एका वेळी तेरा जणी शिकू शकतात. चौदाव्या मुलीपासून पुढे सगळ्या जणी भिंतीला टेकून उभ्या राहतात.

भिंतीला टेकून उभे राहणे म्हणजे काय, हे पावसाळ्यातल्या एका डेंग्यूच्या रुग्णावरून सांगतो. वसई-नालासोपाऱ्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असे रुग्ण कोणत्याही रुग्णालयात दिसतात. ताप उतरलेला असतो, नातेवाईक निश्चिंत होतात, आणि नेमकी तीच वेळ धोक्याची असते. शिकाऊ परिचारिकेने दर तासाला काय करायचे? सलाईन किती गेले, तोंडाने किती पाणी घेतले, लघवी किती मिलिलिटर झाली, उलटी किती झाली हे मोजून तक्त्यात भरायचे. रक्तदाबाचे दोन्ही आकडे घ्यायचे. वरचा आकडा शंभरच दिसतो म्हणून गप्प बसायचे नाही, खालचा हळूहळू वर चढतो आहे का हे पाहायचे. दोहोंतले अंतर २० पर्यंत आले, हात गार लागले, नाडी बारीक झाली, की डॉक्टरांना उठवायचे, मग रात्रीचे तीन का वाजले असेनात. पुस्तकात हे अर्ध्या पानात आहे. पुतळ्यावर शिरेत सुई घालण्याचा सराव होतो, पण पुतळ्याचे हात गार पडत नाहीत आणि त्याची आजी 'आता ताप नाही ना, घरी नेऊ का' म्हणून मागे लागत नाही. तीन रुग्णांमागे एक मुलगी असेल तर हे तक्ते ती स्वतः भरते. एका खाटेभोवती सात जणी असतील तर एक भरते आणि सहा जणी उतरवून घेतात. लॉगबुक सातही जणींचे सारखेच भरलेले दिसते, सही-शिक्क्यासह.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. 'शिकत असताना हात नाही बसला तर नोकरीत बसेल, पहिले वर्ष सगळेच चाचपडतात.' थोडे चाचपडणे असतेच, हे मान्य. पण चाचपडण्यासाठी रुग्ण कोणाच्या घरातला द्यायचा? शिकाऊ मुलीच्या पाठीशी शिक्षिका उभी असते. नोकरीतल्या मुलीच्या पाठीशी रात्री दोन वाजता बहुधा कोणीच नसते. शिवाय नोकरीच्या बाजारालाही ही उणीव कळते आणि तो ती खाटांच्या भाषेत विचारतो. देशभरच्या एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरच्या सामाईक परीक्षेला बीएस्सी झालेली मुलगी थेट बसू शकते, पण जीएनएम ही तीन वर्षांची पदविका झालेलीला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तोही निदान ५० खाटांच्या रुग्णालयातला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबाबत शिफारशी केल्या, त्याही खाटांवरच बेतलेल्या होत्या. २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी पगाराइतका, १०० ते २०० असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी असतील तरी महिन्याला २०,००० रुपयांच्या खाली नको. या शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या, हे छोट्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या कोणत्याही सिस्टरला विचारा. परदेशाची वाट धरली तरी सुटका नाही. अमेरिकेसाठी कागदपत्रांची छाननी होते तेव्हा मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मनोविकार अशा एकेका विभागात वर्गाचे तास किती आणि प्रत्यक्ष वॉर्डातले तास किती, हे महाविद्यालयाकडून वेगवेगळे लिहून मागतात. मनोविकारांचे पोस्टिंग ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात खरोखर झाले होते की आठवडाभर जाऊन सह्या आणल्या, याचा हिशेब दहा वर्षांनी असा पुढे येतो.

आता प्रवेशाच्या अटींकडे वळू. त्यांच्याकडे आपण अडथळ्यांची शर्यत म्हणून पाहतो, म्हणून त्या शेवटच्या आठवड्यात आठवतात. बीएस्सी नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. त्यावर २०२३ पासून राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची नर्सिंगची स्वतंत्र सीईटी आहे. तीत या विषयांबरोबर नर्सिंगकडचा कल तपासणारे प्रश्नही असतात. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण ४० टक्के आणि इंग्रजी हवे. म्हणजे बीएस्सीचा निर्णय बारावीनंतर घेतला जात नाही, तो दहावीनंतर अकरावीची शाखा निवडताना घेतला जातो. त्या दिवशी घरात नर्सिंगचा शब्दही निघालेला नसतो. गणित घेऊन जीवशास्त्र सोडले, किंवा 'सायन्स जड जाईल' म्हणून कॉमर्सला घातले, की पदवीचे दार दोन वर्षे आधीच लागलेले असते. या अटी लावण्यामागे कारण आहे. औषधाची मात्रा वजनावरून काढायची, सलाईनचे थेंब मिनिटाला किती ते ठरवायचे, पोटॅशियम कमी झाल्यावर हृदयाचे काय होते ते समजून घ्यायचे, यासाठी हे विषय लागतात. इंग्रजी लागते ते केस पेपरवरचे आणि औषधाच्या बाटलीवरचे अक्षर चुकू नये म्हणून. गैरसमजाने दिलेले इंजेक्शन परत काढून घेता येत नाही.

कागदपत्रांचा भाग मी भरभर सांगतो, कारण तो कंटाळवाणा आहे आणि मुलींची वर्षे वाया जातात ती इथेच. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, शाळा सोडल्याचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. यात जात वैधतेला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून तिचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत केलेला बरा. नॉन-क्रिमीलेयरची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते, तेव्हा थोरल्या बहिणीच्या वेळचे धाकटीला कामाचे नाही. आपल्या वसईत आणखी एक खास अडचण आहे, ती नावांच्या अक्षरांची. घोन्साल्विस एका कागदावर गोन्साल्विस होतो, लोपीसचा लोपेस होतो, आणि उत्तरेतून किंवा गुजरातेतून आलेल्या कुटुंबांत वडिलांचे नाव कधी मधले तर कधी शेवटचे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारकार्डावर एकच नाव आहे का, हे निकालाची वाट पाहताना तपासावे. निकालानंतर सेतू केंद्रात आणि तहसील कार्यालयात सगळे गावच लोटते. 'कागदपत्रे मी ॲडजस्ट करतो' म्हणणारा एजंटही याच दिवसांत भेटतो. त्याला विचारावे, की विद्यापीठाकडून विद्यार्थ्याची पात्रता निश्चित व्हावी लागते, ती तू कशी ॲडजस्ट करणार? पात्रता नाकारली गेली की फी भरलेली असली, वर्ग केलेला असला, तरी परीक्षेचे दार बंद होते. एजंट तोवर पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाईकांकडे वळलेला असतो.

मान्यतेचा प्रश्नही असाच, वरून सोपा आणि आत गुंतागुंतीचा. फलकावर 'शासनमान्य' लिहिणे फुकट असते. पाहायचे ते एवढे, की बीएस्सीची पदवी कोण देणार, जीएनएमची आणि एएनएमची (सहायक परिचारिका-प्रसाविकेची) परीक्षा कोण घेणार आणि शेवटी नाव कोण नोंदवून घेणार. राज्यातली बहुतेक बीएस्सी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदविकांच्या परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. आणि परिचारिका म्हणून काम करण्याचा हक्क येतो तो १९६६ च्या कायद्याखालच्या महाराष्ट्र नर्सिंग परिषदेच्या नोंदणीतून. नाव या याद्यांमध्ये आहे का, चालू वर्षासाठी आहे का, आणि जागा ४० मंजूर असताना ६० भरत नाहीत ना, हे तिन्ही पाहावे. यातच त्या सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या 'नर्सिंग केअर' अभ्यासक्रमांचेही उत्तर येते. मदतनीस म्हणून रुग्णाला उठवणे-बसवणे, अंग पुसणे हे काम सन्मानाचे आहे आणि त्याचे प्रशिक्षणही हवे. पण पांढरा कोट घालून त्या मुलीला इंजेक्शने द्यायला लावायची, 'सिस्टर' म्हणून हाक मारायची आणि पगार मदतनिसाचा द्यायचा, ही तिची आणि रुग्णाची दोघांचीही फसवणूक आहे. अशा प्रमाणपत्रावर परिषदेची नोंदणी कधीच होत नाही. काही गडबड झाली तर मालक हात वर करतो आणि पोलिसांच्या कागदावर नाव लागते ते तिचे.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट अनेक घरांना वेळेवर कळत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. पण ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, मिळालेल्या जागेला आहे. 'सीईटी कशाला, आमच्याकडे कोट्यातून घ्या' असे गोड बोलून जो प्रवेश दिला जातो, त्याची खरी किंमत चार वर्षांच्या फीइतकी असते. देणगी घेणे तर १९८७ च्या कायद्यानेच गुन्हा आहे. म्हणून टक्केवारी कमी असली, मुलगी म्हणत असली की 'माझे काही होणार नाही', तरी सीईटीचा अर्ज भरून ठेवावा. परीक्षा दिलेली असली की निवड तरी हातात राहते.

आता सगळ्यांत जड आक्षेप. 'हे सगळे ठीक आहे, पण मुलगी आहे, घराजवळ हवी. वसई रोडहून सकाळची लोकल धरायची म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत.' या काळजीला मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण मघाचे गणित आठवा. जवळच्या कॉलेजचे वॉर्ड जवळ असतीलच असे नाही. एव्हरशाईनच्या परिसरात रुग्णालये पुष्कळ दिसतात, त्यातली बरीच वीस-तीस खाटांची. वसईचे सर डी. एम. पेटिट आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज ही महापालिकेची रुग्णालये आहेत, पण त्यांच्या खाटाही शेवटी मोजक्याच आणि त्यांवर हक्क सांगणारी महाविद्यालये एकाहून अधिक असू शकतात. मग कॉलेज दहा मिनिटांवर आणि पोस्टिंग ठाणे-मुंबईत, असे होते. सकाळची पाळी गाठायला पहाटे चारला उठायचे आणि संध्याकाळची पाळी संपवून रात्री दहानंतर विरार लोकलने परतायचे. त्यापेक्षा केईएम, शीव, नायर किंवा जे. जे. सारख्या रुग्णालयाच्या आवारातच शाळा आणि वसतिगृह असेल, तर मुलगी घरापासून लांब असली तरी वॉर्डापासून चालत पाच मिनिटांवर असते. सुरक्षिततेचाच विचार करायचा तर घर ते कॉलेज हे अंतर मोजून भागत नाही, झोपायची जागा ते रात्रपाळीची जागा हे अंतर मोजावे लागते. वसतिगृहावर आईबापांचा विश्वास बसत नसेल तर ते पाहावे, वॉर्डनला भेटावे, मुलींशी बोलावे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येईल आणि तो पुराव्यानिशी येईल. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी त्यात दाखवले, की पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तर शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी असते. मग पदवी सोडून मोठ्या रुग्णालयातल्या जीएनएमचा विचार करा असे सांगणे म्हणजे मागे जाणे नव्हे का? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. दोन्ही जागा सारख्या तोलामोलाच्या रुग्णालयाशी जोडलेल्या असतील तर बीएस्सीच घ्यावी, यात मला शंका नाही. एम्सच्या नियमातही पदवीचे झुकते माप आपण पाहिलेच. पण त्याच अभ्यासाने दुसरेही एक दाखवले. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे नुसती पदवी पुरत नाही, रुग्णाजवळ पुरेशी माणसेही लागतात. तिथली पदवी वॉर्डात मिळवलेली असते. रिकाम्या खाटांच्या रुग्णालयाशी जोडलेली आपली पदवी आणि ती पदवी नावाने सारख्या आहेत, एवढेच. अशा वेळी गजबजलेल्या सार्वजनिक रुग्णालयातले तीन वर्षांचे जीएनएम आणि त्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी हा पाच वर्षांचा रस्ता मला चार वर्षांच्या पोकळ पदवीपेक्षा पसंत आहे. एक वर्ष जास्त जाते, हे खरे. (मुलांना हा रस्ता अरुंद आहे. एम्समध्येही ८० टक्के जागा स्त्रियांसाठी असतात. त्यांनी बीएस्सीच्या जागेवर अधिक नेटाने नजर ठेवावी.)

तिसरा आक्षेप आपल्या जिल्ह्यातून येतो, आणि त्याला माझ्याकडे निम्मेच उत्तर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या पालघर जिल्ह्यात एका टोकाला एव्हरशाईन आहे आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा. तिथल्या मुलीला अकरावीला विज्ञान शाखा मिळवायलाच घर सोडावे लागते. इंग्रजी तिच्या शाळेत पुस्तकापुरते असते. तिला भौतिकशास्त्राची आणि सीईटीची अट सांगणे म्हणजे दार दाखवून कडी लावणे नव्हे का? अट सैल करावी, असे त्यामुळे वाटू शकते. पण अर्धवट शिकलेली परिचारिका शेवटी जाणार कुठे? जिथे तक्रार करणारे कोणी नाही अशा उपकेंद्रावर, म्हणजे पुन्हा त्याच पाड्यांवर. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात अडलेली बाळंतीण येते तेव्हा मुंबईतल्या बाईला मिळते तितकीच तरबेज सिस्टर तिलाही हवी असते, किंबहुना अधिक, कारण पुढे पाठवायचे रुग्णालय लांब आहे. म्हणून सैल करायची तर अट नव्हे, तिच्याकडे जाणारी वाट. आश्रमशाळांना जोडून विज्ञानाची कनिष्ठ महाविद्यालये, सीईटीची मोफत तयारी, जात वैधतेची शिबिरे. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातल्या ज्या पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवारांचा हक्क ठरवला त्यांत परिचारिकेचे पद आहे. हक्काची नोकरी आहे आणि तिथवर नेणारी शाळा नाही, ही विसंगती सरकारने मिटवायची आहे. माझे उत्तर निम्मे म्हणतो ते याचसाठी. ती वाट तयार होईपर्यंत आज बारावीला बसलेल्या मुलीचे काय, याला माझ्याकडे एएनएमच्या जागांकडे बोट दाखवण्यापलीकडे उत्तर नाही.

तुटवड्याचा मुद्दाही कोणी काढेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात ५८ लाख परिचारिकांचा तुटवडा होता. भोर समितीने १९४६ मध्ये नोंदवले होते की या देशात ४३,००० माणसांमागे एक परिचारिका आहे. तेव्हापासून आपण पुष्कळ पुढे आलो, पण पुरेसे नाही. मग मिळेल त्या कॉलेजात मुली घाला, संख्या वाढवा, असा सूर लागतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वेगळा विचार केला. १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात, म्हणजे जिथे रुग्ण आधीपासून आहेत तिथे. संख्या वाढवायची हीच पद्धत मला योग्य वाटते.

'पण आम्हाला रुग्णालय पाहू कोण देणार?' असेही विचारतील. नातेवाइकांच्या भेटीच्या वेळात कोणीही आत जाऊ शकते. सकाळी दहाला ओपीडीसमोर रांग किती आहे ते रस्त्यावरून दिसते. फाटकापाशी तिसऱ्या वर्षाच्या मुली भेटतात. त्यांना 'कॉलेज कसे आहे' असे विचारले तर त्या 'चांगले आहे' म्हणतील. त्याऐवजी विचारावे, प्रसूतिगृहात किती बाळंतपणे तू स्वतःच्या हाताने केलीस, नाइट ड्यूटी कुठे असते, तिथे तुमच्या शिक्षिका येतात का? पहिल्या प्रश्नाला जी मुलगी चटकन आकडा सांगते तिचे कॉलेज यादीत वर ठेवावे.

आणि हे एकेका घराच्या चिकाटीवर का सोडायचे? पसंतीक्रमाच्या ऑनलाइन अर्जात महाविद्यालयाचे नाव आणि जागांची संख्या यांच्या शेजारी आणखी तीन रकाने असायला हवेत. स्वतःच्या रुग्णालयाच्या खाटा आणि गेल्या वर्षीची त्यांची सरासरी भरती, दुसऱ्या कोणत्या रुग्णालयांत पोस्टिंग होते त्यांची नावे आणि अंतर, आणि त्याच रुग्णालयांत आणखी किती महाविद्यालयांचे विद्यार्थी येतात ती संख्या. महाविद्यालये आकडे फुगवतील, अशी शंका येईल. पहिले दोन फुगवता येतील. तिसरा कठीण आहे, कारण एकाच रुग्णालयाच्या त्याच खाटा पाच महाविद्यालयांनी आपापल्या नावावर दाखवल्या की बेरीज रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जाते, आणि ती बेरीज करायला संगणकाला क्षणही लागत नाही. राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे. त्याखालचे नियम ठरताना ही मागणी करता येईल, पण राज्याच्या परीक्षा कक्षाला तोवर थांबण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षीच्या कॅपच्या आधी हे तीन रकाने अर्जात यावेत, असे पत्र आपल्या भागातल्या पालकांनी, सोसायट्यांनी आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी त्या कक्षाला पाठवायचे ठरवले, तर त्यावर पहिली सही करायला मी तयार आहे.